पहाटे ३:१०चा अलर्ट

हे प्रकरण कुणा एकाच माणसाचं नाही. पुण्यातल्या आयटी कंपन्यांमध्ये ऑन-कॉल करणाऱ्या, म्हणजे यंत्रणेत बिघाडाचा इशारा (अलर्ट) फोनवर आला की रात्री-अपरात्रीही उठून तो निस्तरणाऱ्या गटांत जे वारंवार दिसतं, त्यातून ते जुळवलं आहे. आकडेही त्या जुळणीतलेच आहेत. अशा गटाची नोंदवही उघडली तर साधारण असंच चित्र निघतं.

अभियंता ३१ वर्षांचा, मूळचा बार्शीचा. आठ वर्षांचा अनुभव, पद सीनियर इंजिनिअर. ऑफिस हिंजवडी फेज ३ला, तिथे आठवड्यातून तीन दिवस हजेरी. रावेतला नवा फ्लॅट, महिन्याचा हप्ता ३८,००० रुपये. पत्नी बँकेत. कंपनी कॅलिफोर्नियातली. तिथल्या दुकानदारांचे कार्डाने आलेले पैसे रोज हिशेब लावून त्यांच्या खात्यात पोचवायचे, हे पुण्याच्या गटाचं काम. त्यातला सेटलमेंटचा भाग याने चार वर्षांपूर्वी लिहिला होता. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे सगळं तिच्यावरच येऊन थांबतं.

गट सात जणांचा होता. जानेवारीत दोघं नोकरी सोडून गेले, एक जण बाळंतपणाच्या रजेवर गेली. ऑन-कॉलच्या रोस्टरवर चार नावं उरली, म्हणजे दर चौथा आठवडा आपला. कागदावर एवढंच दिसत होतं. शिवाय कॅलिफोर्नियाच्या सकाळी ९ वाजता रोज स्टँडअप, म्हणजे कामाच्या आढाव्याची छोटी मीटिंग. तिकडे उन्हाळी घड्याळ चालू असताना आपले रात्रीचे ९:३० होतात, हिवाळ्यात १०:३०. जेवण मीटिंगच्या आधी उरकायचं की नंतर, हा प्रश्न घरात रोजचा झाला होता.

आधी काय काय करून झालं

फेब्रुवारीपासून चिडचिड सुरू झाली. मार्चमध्ये ऑन-कॉल नसलेल्या आठवड्यांतही पहाटे तीनच्या सुमारास आपोआप जाग येऊ लागली. फोन वाजलेला नसताना कंप जाणवायचा, उठून बघितलं की काहीच नसायचं. यात गूढ काही नाही. ठरावीक वेळी पुन्हा पुन्हा उठवलं की शरीर ती वेळ शिकून घेतं आणि मग उठवायला कुणी लागत नाही.

एप्रिलच्या शेवटी चूक झाली. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या यंत्रणेवर चालवायची साफसफाईची स्क्रिप्ट प्रॉडवर, म्हणजे खऱ्या चालू यंत्रणेवर चालली. डेटा बॅकअपमधून परत आला, देणी ४० मिनिटं लांबली, पैसे कुणाचे बुडाले नाहीत. आरसीएच्या, म्हणजे बिघाडाचं मूळ कारण शोधायच्या अहवालाच्या कागदावर कारण म्हणून दोन शब्द आले : मानवी चूक. त्या रात्री तो १:२०ला आणि ३:१०ला असा दोनदा उठला होता, हे त्या कागदात कुठेच नाही. दोन्ही यंत्रणांना आज्ञा द्यायच्या खिडक्यांचा (टर्मिनलचा) रंग सारखाच होता, हेही नाही. मूळ कारणापाशी ‘मानवी चूक’ लिहून थांबलेला आरसीए अर्धवट सोडलेला असतो, असं आमचं मत आहे. त्या माणसाला मात्र तो पूर्ण वाटतो आणि स्वतःबद्दलचा निकाल म्हणून तो जपून ठेवतो.

उपाय त्याने केले नाहीत असं नाही. जिमचं वर्षाचं शुल्क भरलं आणि नऊ दिवस गेला. ध्यानाचं अॅप घेतलं, पण ते ज्या फोनवर होतं त्याच फोनवर अलर्टही येत. तीन दिवस गुहागरला गेला, लॅपटॉप बरोबर होता. एका सहकाऱ्याने ‘अर्धी घे, मस्त झोप लागते’ म्हणत अल्प्राझोलामची पट्टी दिली. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही. तिची सवय लागते, रोज घेऊन अचानक थांबवली तर त्रास उलट वाढतो आणि ऑन-कॉलला तीन वाजता उठून प्रॉडला हात लावणाऱ्याने ती घेणं दुप्पट धोक्याचं. त्याने अकरा रात्री घेतली.

सगळ्यात महागात पडलेला उपाय म्हणजे नोकरी बदलायची तयारी. रात्री स्टँडअप संपला की साडेअकरा ते एक कोडिंगचे प्रश्न सोडवायचे. तीन मुलाखती झाल्या, तिन्हींत नकार. दमलेल्या मेंदूची परीक्षा त्याने रात्री साडेअकराला घेतली आणि निकाल मात्र आठ वर्षांच्या अनुभवावर लावून टाकला.

मॅनेजरशी एकदा बोलून झालं होतं. ‘अरे, मला जरा जड जातंय.’ उत्तर आलं, ‘सगळ्यांनाच जातंय रे, दोन नव्या माणसांच्या रिक्विझिशन्स मंजूर होतायत, एवढा क्वार्टर काढ.’ मॅनेजर वाईट माणूस नव्हता. पण ‘जड जातंय’ या शब्दांवर त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं.

डॉक्टरकडे

मे महिन्याच्या शेवटी पत्नीने वेळ घेतली. गुहागरच्या तिसऱ्या दिवशी समुद्र समोर असताना हा पाठ करून खोलीत पडून होता, जेवणात मासे आवडीचे असूनही हात लावला नाही, एवढ्यावरून तिने ठरवलं. तिचा अंदाज बरोबर निघाला. नुसता कामाचा थकवा असेल तर कामापासून लांब गेल्यावर थोडा तरी उतरतो, आवडीच्या गोष्टीत जीव रमतो. काम मागे सोडूनही रंग परत येत नसेल तर नैराश्याचा विचार करावा लागतो.

या दोन गोष्टींतला फरक नोकरदारासाठी शाब्दिक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२पासून लागू झालं, ‘बर्नआउट’ची नोंद आहे. पण ती आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून. तिची तीन अंगं सांगितली आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा, आणि आपल्या हातून नीट काम होत नाही असं वाटणं. मध्यम नैराश्य मात्र आजार आहे. त्यावर रजा मिळते, औषध मिळतं आणि विम्यातही त्याला जागा आहे. सगळ्याला बर्नआउट म्हणत बसलं की उपचार लांबतात.

पहिल्या भेटीत दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या. पीएचक्यू-९मध्ये नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७; दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम ते तीव्र, वीसपासून तीव्र. त्याचे १६ आले. जीएडी-७ ही चिंतेची, एकूण २१पैकी १३. या प्रश्नावल्या चाळणीसारख्या आहेत, निदान डॉक्टर बोलून करतात. नववा प्रश्न मात्र बेरजेत हरवू द्यायचा नसतो. मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, हा तो प्रश्न. त्याने ‘काही दिवस’ला खूण केली होती. डॉक्टरांनी आडवळण न घेता विचारलं : कसा विचार येतो, काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का. ठरवलेलं काही नव्हतं, ‘सकाळी उठूच नये’ एवढंच यायचं. तरीही पत्नीला खोलीत बोलावून पुढचे दोन आठवडे काय बघायचं ते सांगितलं आणि घरातली उरलेली पट्टी तिच्या ताब्यात द्यायला लावली. असं थेट विचारल्याने विचार बळावतो ही समजूत खोटी आहे. बहुतेकांना विचारल्यावर हायसंच वाटतं. अशा रात्री डॉक्टर हाताशी नसतील तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास फुकट चालतो, मराठीतही बोलता येतं. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली.

रक्ताच्या तपासण्या झाल्या : हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२, डी जीवनसत्त्व. बी-१२ कमी निघालं. घरच्यांना एकदम धीर आला, बार्शीहून आईचा फोन आला की इंजेक्शनं घे म्हणजे होशील बरा. इंजेक्शनं घेतली, घ्यायलाच हवी होती. पण ऑन-कॉल करणारं डोकं नुसत्या बी-१२ने ताळ्यावर येत नाही.

औषध म्हणून एसिटालोप्रॅम, पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम, पुढे १०. पहिले आठ-दहा दिवस मळमळ आणि थोडी अस्वस्थता होते, फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात. हे आधी सांगितलं नाही तर लोक सहाव्या दिवशी गोळी सोडतात. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने ती चालू ठेवावी लागते आणि थांबवायची तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू. याने पाचव्या आठवड्यात ‘आता काय गरज’ म्हणून चार दिवस सोडली. चक्कर आणि डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं, मग परत सुरू केली.

बोलून करायच्या उपचारासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आठ सत्रं ठरली. इथे शब्दांचा घोळ फार होतो. औषध लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारायला लाजू नये. समुपदेशक अशी पाटी मात्र कुणीही लावू शकतो. कंपनीच्या सहायता योजनेतून फोनवर दोन सत्रं आधी झाली होती. त्यांनी वेळेचं नियोजन कसं करावं ते सांगितलं. सौम्य ताणाला ती बरी, इथे ती अपुरी होती.

रजेचा कागद

तीन आठवड्यांची वैद्यकीय रजा घेतली. प्रमाणपत्रावर निदान लिहिलेलं नव्हतं. ‘वैद्यकीय कारणास्तव तीन आठवडे विश्रांती आवश्यक, त्यानंतर तीन महिने रात्री ११ ते सकाळी ७ काम देऊ नये’ एवढंच होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो आणि मॅनेजरला निदान कळायची गरजही नसते. त्याला फक्त काय जमेल, काय जमणार नाही आणि कधीपर्यंत, एवढं कळायला हवं. दुसरं वाक्य आधीच लिहून घेतलं हे फार बरं झालं. नाहीतर रजेवरून परतलेला माणूस दुसऱ्याच आठवड्यात रोस्टरवर सापडतो.

एचआरला गेलेली मेल चार ओळींची होती : रजेच्या तारखा, सोबत प्रमाणपत्र, या काळात कामाची सूत्रं कुणाकडे, आणि ‘रजेत मी फोनवर उपलब्ध नसेन’. शेवटचं वाक्य त्याने तीनदा खोडलं होतं. ‘अगदी अडलं तर फोन करा’ असं लिहिलं की पहिल्याच दिवशी अडतं.

विम्याबद्दल दोन गोष्टी. याच कायद्याच्या कलम २१(४)नुसार विमा कंपनीने मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण द्यायचं आहे. पण कंपनीच्या गट विम्यात बहुधा दवाखान्यात भरती झाल्यावरचा खर्च येतो. डॉक्टरची फी, सत्रं आणि गोळ्या खिशातूनच जातात, ओपीडीचं वेगळं कलम असेल तरच परतावा. दुसरं असं की नोकरी सोडली की गट विमा शेवटच्या दिवशी संपतो, आणि निदान झाल्यावर स्वतःची पॉलिसी घेताना ते सांगावं लागतं. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा तीन वर्षांपर्यंत असू शकते. म्हणून राजीनाम्याचा विचार करणाऱ्याने गट पॉलिसी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक करून मिळेल का, ते नोटीस देण्याआधी विचारावं.

नोकरी तडकाफडकी सोडायची नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं : आठ आठवडे मोठा निर्णय नाही. हिशेबही तेच सांगत होता. हाताशी चार महिन्यांचा खर्च, नोटीस पीरियड ९० दिवसांचा, आणि नोटीसच्या काळात ऑन-कॉल काही सुटत नाही.

मोजणी

तिसऱ्या सत्रात सायकॉलॉजिस्टने विचारलं, किती रात्री झोप मोडते? तो म्हणाला, ‘रोजच.’ ‘मोजल्या आहेत का?’ नव्हत्या. रजेत कामाचं काही करायचं नाही असं ठरलेलं होतं, म्हणून जुलैत परतल्यावर पहिल्या दिवशी त्याने अलर्टच्या साधनातून एप्रिल-मेचे आठ आठवडे उतरवून घेतले आणि अर्धा दिवस बसून त्यांची वर्गवारी केली. आमच्या मते या प्रकरणाला वळण मिळालं ते इथे. पूर्ण गटाला रात्री १० ते सकाळी ७ या वेळेत ९७ अलर्ट आले होते. त्यातल्या फक्त १९ला माणसाने काहीतरी करावं लागलं. ४४ होते डिस्क आणि सीपीयूचे, आपोआप विझलेले. उरलेले ३४ सगळे एकच अलर्ट होते, पहाटे ३:१०चा.

हा ३:१० काय होता ते जवळून बघण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या बँकेकडून दिवसाच्या हिशेबाची फाइल येते. पूर्वी ती आपल्या पहाटे २:४५ला यायची, म्हणून ‘३:१०पर्यंत आली नाही तर उठवा’ असं लावलेलं. मग बँकेने स्वतःकडे एक तपासणी वाढवली आणि फाइल ३:२० ते ३:४०च्या दरम्यान यायला लागली. अलर्ट तिथेच राहिला. माणूस उठायचा, लॅपटॉप उघडायचा, व्हीपीएन जोडायचा, तोवर फाइल आलेली असायची. मग पुन्हा झोप लागायला तास. आठ आठवड्यांत ती फाइल यायच्या रात्री चाळीस, त्यातल्या चौतीस रात्री हेच.

दोन वर्षं हा अलर्ट कुणी का हलवला नाही? अलर्ट लावायला कुणाची परवानगी लागत नाही, काढायला लागते. काढला आणि त्याच महिन्यात फाइल खरंच चुकली तर काढणाऱ्याचं नाव निघतं. लावून ठेवला आणि चौतीस रात्री कुणी उठलं, तर त्याचा खर्च कुठल्याच खात्यावर पडत नाही.

दुसरी मोजणी फक्त त्याची होती. ५६ रात्रींपैकी ३१ रात्री झोप मोडली. ‘रोजच’ नाही, पण निम्म्याहून जास्त. त्याचे स्वतःचे ऑन-कॉलचे आठवडे दोन, म्हणजे १४ रात्री. त्यातल्या ११ मोडलेल्या. राहिलेल्या २० रात्री तो रोस्टरवर नव्हताच. दुसरा कुणी उठायचा, सेटलमेंटचं काही दिसलं की याला फोन करायचा, आणि हा उचलायचा. त्या वीस फोनांपैकी तेरा तीनच कामांसाठी होते : अडकलेली बॅच पुन्हा चालवणं, दुहेरी आलेली फाइल बाजूला काढणं, बँकेचं बदललेलं डिजिटल प्रमाणपत्र बसवणं.

‘माझ्याशिवाय अडतं’ ही गोष्ट चार वर्षं त्याला भूषण वाटत होती. अप्रेझलमध्येही तसंच लिहून यायचं. करिअरच्या मधल्या टप्प्यावर हा सापळा फार गोड असतो.

दुसरं बोलणं

या वेळी मॅनेजरसमोर एक पान ठेवलं. वर तीन आकडे, खाली चार मागण्या, प्रत्येकीपुढे कुणाचे किती तास लागतील ते. ‘अरे, हे चौतीस खरंच फुकटचे आहेत?’ मॅनेजरने विचारलं आणि स्वतः साधन उघडून बघितलं. संभाषण त्याच्या तब्येतीवरून निघून गटाच्या रोस्टरवर गेलं, ते तिथे जायलाच हवं होतं. गूगलच्या साइट रिलायबिलिटी, म्हणजे सेवा अखंड चालू ठेवणाऱ्या गटाने २०१६ साली प्रसिद्ध केलेला ठोकताळाही पानावर होता : बारा तासांच्या पाळीत दोनपेक्षा जास्त घटना नकोत, आणि एकाच शहरात बसलेल्या गटाला आठवड्याच्या पाळीसाठी किमान आठ माणसं हवीत. इथे चार होती.

३:१०चा अलर्ट ४:३०ला सरकवला. तीस, चाळीस असा अंदाजाने नव्हे. पुढच्या टप्प्याची मुदत सकाळी ७ची, प्रक्रियेला लागतात ४० मिनिटं, काही बिघडलं तर दुरुस्तीला तास-दीड तास. मागे मोजत गेलं की ४:५० येतं, वीस मिनिटं हाताशी ठेवून ४:३०. डिस्कचा ‘८० टक्के भरली’ हा नियम काढून ‘या वेगाने सहा तासांत भरेल’ असा लावला आणि जुन्या नोंदींच्या फाइली (लॉग) रोज गुंडाळायची सोय केली. हे दोन बदल दीड दिवसाचे होते. पुढच्या चार आठवड्यांत रात्रीचे अलर्ट गटाला मिळून १३ आले.

रनबुकला, म्हणजे एखादं काम पायरीपायरीने कसं करायचं ते लिहिलेल्या टिपणाला जास्त वेळ लागला. तीन कामांची तीन रनबुकं लिहिली, पण नुसतं लिहून भागत नाही. प्रत्येक काम दुसऱ्याने दोनदा करायचं आणि याने शेजारी बसून तोंड बंद ठेवायचं, असं ठरलं. दुहेरी फाइलच्या कामात दुसरा माणूस सातव्या पायरीवर अडला. त्या पायरीत कुठल्या मशीनवर ती आज्ञा द्यायची हेच लिहिलेलं नव्हतं, लिहिणाऱ्याला ते इतकं उघड होतं. नियमही केला : रनबुकवर ३० मिनिटं झाल्याशिवाय फोन नाही.

मोठा बदल पाळ्यांचा. पुण्यात पहाटे ३:१० वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या दिवसाचे दुपारचे २:४० झालेले असतात. तिथले तीन सहकारी जेवून खुर्चीत बसलेले असताना इथला माणूस अंथरुणातून उठत होता, कारण रोस्टर घड्याळावर न बांधता ‘मॉड्यूल (प्रणालीचा तो भाग) कुणाचं’ यावर बांधलेलं. बोलणी सात आठवडे चालली. रनबुक पूर्ण हवीत आणि आमची रात्र तुम्ही सांभाळा, अशा त्यांच्या अटी होत्या. त्यांची रात्र म्हणजे आपला दिवस, तेव्हा हरकत नव्हती. सप्टेंबरपासून आपल्या रात्री १२ ते सकाळी ७ची पाळी तिकडे गेली. शेजारच्या गटातले दोघं शिकून पुण्याच्या रोस्टरवर आले. स्टँडअप आठवड्यातून दोनदा बोलून, बाकी दिवस लिहून. झोप मोडलीच तर दुसऱ्या दिवशी कामाला दुपारी १२ला बसायचं, हे तोंडी न ठेवता गटाच्या नियमांत घातलं.

कायद्याचा आधार इथे फारसा नाही. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडलं, ते कायदा झालेलं नाही. तेव्हा सध्या तरी जे मिळतं ते असं पान समोर ठेवूनच.

घरातली बाजू

झोपेचं वेगळं काम चाललं होतं. उठायची वेळ सातही दिवस सकाळी ७, रात्र कशीही गेली तरी. वीसएक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून हॉलमध्ये मंद दिव्यात बसायचं, डुलकी आली की परत. पलंगावर लॅपटॉप नाही. चहा-कॉफी दुपारी २नंतर बंद. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला पाचेक तास लागतात आणि स्टँडअपच्या आधीचा चहा साडेआठचा होता. ऑन-कॉलसाठी वेगळा साधा स्मार्टफोन घेतला, त्यात फक्त अलर्टचं अॅप, रिंगटोन पूर्ण वेगळी, जागा हॉलमध्ये. स्वतःच्या फोनवरून ऑफिसची सगळी अॅप्स काढली. पहिले दोन आठवडे त्रासाचे जातात, कारण दमलेला माणूस वीस मिनिटांनी उठायला तयार नसतो आणि रविवारी सातला तर नाहीच.

सत्रांमधला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. ‘पाच मिनिटांत उत्तर दिलं नाही तर मी बेजबाबदार ठरेन’ हे त्याचं पक्कं मत होतं. त्यावर वाद घालण्याऐवजी रात्री ८नंतरच्या प्रत्येक संदेशाला मुद्दाम अर्धा तास थांबायचं आणि काय झालं ते लिहायचं, असं ठरलं. दोन आठवड्यांत १४ संदेश. अकरांत कुणीतरी दुसऱ्याने उत्तर दिलं किंवा प्रश्न आपोआप सुटला, दोन सकाळपर्यंत थांबले, एकाने ‘कुठे आहेस?’ असं चिडून विचारलं. तो एक त्याला बाकी तेरांपेक्षा मोठा वाटला, आणि पुढची दोन सत्रं त्यावरच गेली.

नोव्हेंबरात काय बिघडलं

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळं एक तास मागे गेली. पुण्याची पाळी साधनात भारतीय वेळेने सकाळी ७ ते मध्यरात्री १२ अशी भरलेली होती, त्यांची कॅलिफोर्नियाच्या वेळेने सकाळी ११:३० ते संध्याकाळी ६:३०. घड्याळ बदलल्यावर त्यांची पाळी आपल्या रात्री १ ते सकाळी ८ झाली. १२ ते १ या तासाला कुणीच नव्हतं. आणि कुणी नसेल तेव्हा अलर्ट कुणाला जावा, या रकान्यात चार वर्षांपूर्वी भरलेलं नाव अजून त्याचंच होतं. मंगळवारी १२:२०ला फोन वाजला. काम दहा मिनिटांचं होतं, पण त्यानंतर सहा रात्री तो पुन्हा तीनला जागा झाला.

दोन्ही पाळ्या एकाच वेळेत, यूटीसीमध्ये (घड्याळबदल नसलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) भरल्या, आणि त्या रकान्यात व्यक्तीऐवजी गटाचं नाव टाकलं. डॉक्टरांनी औषध वाढवलं नाही, झोपेचे नियम परत कडक केले. दोन आठवड्यांत गाडी रुळावर आली.

किंमत द्यावी लागली. त्या वर्षीचं रेटिंग मधलं आलं, बढती एक फेरी पुढे गेली. तीन महिने रात्रीचं काम बंद असणं आणि बढतीची फाइल एकाच टेबलावर होती. कुणी तसं बोललं नाही, पण आकड्यात ते दिसलं. अलर्ट ९७वरून खाली आणल्याचं काम त्याने पुढच्या अप्रेझलसाठी आकड्यांसह लिहून ठेवलं आहे. चार वर्षांच्या रात्रीच्या फोनांचं असं काही लिहिता आलं नव्हतं.

फेब्रुवारीत पीएचक्यू-९ ४ आला, नवव्या प्रश्नाला शून्य. गोळी कमी करायचं मे महिन्यानंतर बघू, असं डॉक्टर म्हणाले. पहाटे तीनची जाग महिन्यातून एक-दोनदा अजून येते.

दर तिमाहीला तीच वर्गवारी पुन्हा करायची असं गटाने ठरवलं आहे. मार्चच्या मोजणीत सेटलमेंटसाठी रोस्टरबाहेर गेलेले फोन नऊ होते. त्यातले सात एकाच मुलीला गेले, जी दुहेरी फाइलचं रनबुक शिकली होती ती. सातव्या पायरीखाली तिने स्वतःचा नंबर लिहून ठेवला होता. तो काढला, आणि पुढच्या तिमाहीत त्या कामासाठी आणखी दोघांना शेजारी बसवायचं धरलं आहे.